टोंगळ्याची पैसेवारी : पाय दुखावलेला असताना योगा कसा करायचा

सप्टेंबर होता, कपाशीवर फवारणी सुरू होती, पाठीवर १६ लिटरचा पंप, रात्रभर पाणी पडून गेलेलं, आणि आपली काळी जमीन कशी असते ते सांगायची गरज नाही, एकेका गमबुटाला पायलीभर चिखल. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) वळलो तर अंग वळलं पण उजवा पाय रुतलेलाच राहिला. आत कट् असं वाजलं. पडलो नाही, पंपही सांडला नाही, म्हणून वाटलं काही झालं नसेल, आणि शहाण्यासारखे अजून दोन पंप मारले. संध्याकाळी टोंगळा पपईएवढा. (टोंगळा म्हणजे गुडघा, पुण्याकडच्या लोकांसाठी सांगितलं.)

डॉक्टर म्हणाले लिगामेंट अर्धवट फाटलं आहे, ऑपरेशन लागत नाही, पण ६ आठवडे तरी सांभाळा. मी त्याआधी ४ वर्षं रोज सकाळी शाळेच्या पटांगणावर योगा करत होतो, २१ जूनच्या योग दिनाला शिबिर झालं होतं तेव्हापासून आम्ही सात-आठ जण टिकलो होतो. मला वाटलं आता सगळं बंद. तसं झालं नाही, पण जे केलं त्यात चुकाही भरपूर केल्या, आणि तुम्ही नवीन असाल, नुकताच योगा धरला आणि तेवढ्यात पाय मुरगळला असं असेल, तर माझ्या चुका तुम्हाला फुकटात घ्या. मी डॉक्टर नाही, योगशिक्षकही नाही. शेतकरी आहे.

आधी हे पाहा, आसनाचं नंतर

दुखऱ्या पायावर ४ पावलं टाकता येत नसतील, टोंगळा अर्धाही वाकत नसेल किंवा मधेच अडकून बसत असेल, मार लागल्यावर दोन-तीन तासातच टम्म सुजला असेल, पाय वाकडा दिसत असेल किंवा पंजा बधिर, थंड पडला असेल, तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना. टोंगळा गरम लाल आणि अंगात ताप असेल तरी तेच. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, ते रक्ताची गाठ असू शकते, आणि त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

अजून एक, एक्सरेमधे हाड दिसते, लिगामेंट आणि आतली गादी दिसत नाही. "एक्सरे नॉर्मल आहे" म्हणजे "काही झालं नाही" असं नसते. मी जिथं पहिल्यांदा दाखवलं तिथं एवढंच सांगून परत पाठवलं होतं आणि मी त्याच आनंदात दोन दिवस बैलांमागे फिरलो.

पहिले ३ दिवस योगा नाही

पाय उशीवर, टाच छातीच्या वर राहील इतका उंच. बर्फ दिवसातून चार-पाच वेळा, १५ मिनिटं, कापड गुंडाळून, सरळ चामडीवर नाही. आमच्या गावात बर्फ कुठं मिळणार, तर किराणा दुकानातल्या फ्रीजरमधल्या लेकरांच्या पेप्सीच्या कांड्या आणल्या, दहा-बारा, दुपट्ट्यात बांधल्या आणि टोंगळ्याभोवती लावल्या. नंतर त्या परत फ्रीजरमधे ठेवायच्या, लेकरांवर लक्ष ठेवून. क्रेप बँडेज बांधायचं पण बोटं निळी पडतील असं करकचून नाही.

शेक नको, दारू पिऊ नका, आणि मालिश नको. लचक काढणारा बोलवायचं आमच्याकडेही ठरलं होतं, मोटरसायकल निघालीच होती. हे लोक वाईट नाहीत, पण हिशोब असा करा की लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारं दावं. दाव्याचे काही पेड तुटले, काही उरले. उरलेल्या पेडांच्या भरवशावर पाय उभा आहे, त्याला ओढून काय बसवणार तुम्ही?

या ३ दिवसांत करायचं काय तर श्वास. दुखते तेव्हा माणूस नकळत श्वास धरून ठेवते, बघा कधी. पडल्या पडल्या नाकानं ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मधे रोखायचा नाही. दहा मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की जबडा आणि खांदे सैल पडतात, त्यांनी पण दुखणं धरून ठेवलेलं असते. बस एवढंच. कमोडची खुर्ची मात्र पहिल्याच दिवशी बघून ठेवा, मेडिकल स्टोरमधे मिळते, आम्ही जुन्या प्लास्टिक खुर्चीला मधोमध गोल कापून घेतलं. यात लाजण्यासारखं काही नाही, उकिडवं बसायला गेलात तर सहा आठवड्याचे बारा होतील.

पैसेवारी काढायला शिका

हीच या लेखातली मुख्य गोष्ट. सरकार पिकाची पैसेवारी काढते, म्हणजे चांगलं पीक १०० पैसे धरलं तर यंदाचं किती पैसे, आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरच्या शेवटी अंतिम, आणि ५० पैशांच्या आत आली की पूर्वी गाव दुष्काळात धरायचे. मी टोंगळ्याची तशीच काढायला लागलो. बरा असताना कसा होता ते १०० पैसे. सकाळी डोळे उघडले की पांघरुणातच पाय हळू वाकवून सोडून पाहायचा, ती नजरअंदाज. संडासपर्यंत जाऊन आलं की सुधारित. कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहायचा. आणि आज जो योगा केला त्याची अंतिम पैसेवारी आज कळतच नाही, ती उद्या सकाळी कळते.

नियम असे. ५० च्या खाली असेल तर फक्त पडून करायचं आणि श्वास. ५० ते ७५ असेल तर खुर्ची. ७५ च्या वर सलग आठवडाभर राहिली तर उभं राहून. करताना १० पैसे उतरली तर चालते, थोडं दुखणारच, पण उद्या सकाळपर्यंत ती भरून आली पाहिजे. नाही आली, किंवा सूज वाढली, तर काल जास्त झालं, एक पायरी खाली या. आकडा खोटा लिहू नका. सरकारनं पैसेवारी फुगवली की आपण तहसीलवर मोर्चा नेतो आणि स्वतःच्या टोंगळ्याची मात्र ६० असताना ८० लिहितो, मी लिहिली आहे, म्हणून माहीत.

आणि दुखण्याची गोळी खाऊन लगेच आसनं नको. गोळीनं मोजमापच बंद पडते, मग काय आणि कसं मोजणार.

पडून करायचं

चौथ्या-पाचव्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून. खाली सतरंजीवर उतरणं चढणं कठीण असेल तर दिवाणावर करा, बाजेवर नको, बाज मधे खोल जाते आणि कंबर धरते.

आधी पंजे पुढं-मागं, गुल्फ नमन म्हणतात त्याला, तासाला वीस वेळा तरी, यानं पोटरीतलं रक्त हलते.

मग जानुफलक आकर्षण. नाव मोठं आहे, काम बारीक आहे. पाय लांब, टोंगळ्याखाली गुंडाळलेला टावेल, आणि श्वास सोडत टावेल खाली दाबायचा, टोंगळ्याची वाटी मांडीकडे सरकलेली दिसली पाहिजे. ५ मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. गंमत अशी की पहिल्या दिवशी माझी वाटी हललीच नाही. मी हुकूम सोडतो आहे आणि मांडी ऐकतच नाही, जशी दुसऱ्याची मांडी आहे. घाबरलो. फिजिओवाल्या ताई म्हणाल्या टोंगळ्यात सूज असली की मांडीचा मोठा स्नायू झोपी जाते, आधी चांगल्या पायानं करा, मग दोन्ही सोबत करा, त्याला आठवते. तिसऱ्या दिवशी आठवलं. मी त्या वेळेस शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या होत्या, वाटीच्या वर चार बोटं, उजवी दीड सेंटीमीटर कमी भरली. एवढ्या थोड्या दिवसात मांडी उतरली! हा योगा शिबिरात पाच मिनिटात उरकतात, म्हाताऱ्यांचा म्हणून. मला विचाराल तर सगळ्या पद्मासनांपेक्षा याचं मोल जास्त आहे.

तिसरं, टाच सरकवणं. युरियाची धुतलेली बॅग टाचेखाली घ्या, गुळगुळीत फरशीवर टाच हळूहळू ढुंगणाकडे ओढा, जिथं अडलं तिथं थांबा, एक श्वास, परत. ओढून-ताणून पुढं नाही. चौथं, एक पाय उचलणं, चांगला पाय वाकवून ठेवा, दुखरा सरळ ठेवून फूटभर वर. उचलताना टोंगळा वाकत असेल तर अजून वेळ झाली नाही, टावेलवरच राहा.

शेवटी शवासन, टोंगळ्याखाली घडी केलेली वाकळ. पण रात्रभर ती उशी तशीच ठेवून झोपू नका, बरं वाटते म्हणून सगळे तेच करतात आणि मग पाय सरळ होतच नाही.

खुर्ची

आता माझी खरी अडचण. आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांची, लहानपणापासून जातो. सगळे ओळीनं सतरंजीवर, मांडी घालून, पाठ ताठ. मी १२ दिवस गेलोच नाही. घरी म्हणायचो दुखते, पण प्रार्थनेचं मंदिर घरापासून ८० पावलांवर आहे आणि दवाखान्यात तर गेलोच होतो की. खरं कारण खुर्ची होती. ४४ व्या वर्षी म्हाताऱ्यांच्या रांगेत, मागं खुर्चीवर बसायचं जिवावर आलं होतं.

माय म्हणाली, "टोंगया का तुयाच एकट्याचा गेला? माहे दोन्ही गेले, मी बाजीवर बसून जेवतोच नं. देवाले मांडी पाह्यजे का मानूस पाह्यजे?"

तेराव्या दिवशी गेलो. कोणी बघितलंही नाही. एकानं विचारलं पायाचं काय झालं, दुसऱ्यानं सोयाबीनचा भाव विचारला, झालं.

पतंजलींच्या योगसूत्रात आसनाची व्याख्या तीन शब्दांची आहे, स्थिर, सुख, आसन. स्थिर आणि सुखानं बसता येते ते आसन. त्यात मांडी हा शब्दच नाही. दुसरी गोष्ट, तिथंच योगात येणारे ९ अडथळे सांगितले आहेत आणि त्यात पहिला नंबर व्याधीचा आहे, म्हणजे हे होणारच हे धरूनच लिहिलेलं आहे, तुमच्यासाठी वेगळा नियम मोडला गेला नाही. आणि पुण्याचे अय्यंगार गुरुजी, ज्यांनी खुर्ची, पट्टा, दोर, ठोकळे सगळे योगात आणले, त्यांना १९७९ मधे स्कूटरचा अपघात झाला, साठीचे होते, आयुष्यभराची आसनं हातची गेली आणि पहिल्यापासून परत शिकावी लागली. त्यांचं तसं झालं तर आपण कोण लागून गेलो.

खुर्ची कशी घ्यायची ते सांगतो. हातवाली प्लास्टिकची चालते, पण पायाला तडा गेलेली नको, आणि अंगणात मातीवर नको, पाय रुततात, फरशीवर भिंतीला टेकवून ठेवा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, उंच होत असेल तर खाली दोन विटा. पाठीला टेका नाही, पुढं सरकून बसा.

बसून हात वर, ताडासनासारखे, पाच श्वास. मग हात मांडीवर, श्वास घेताना छाती पुढं, सोडताना पाठ गोल, हे मार्जरासन, फक्त टोंगळे जमिनीवर टेकवायचे नाहीत म्हणून खुर्चीवर. दुखरा पाय समोर सरळ करून ५ मोजा, खाली घ्या, दहा वेळा. नंतर अनुलोम-विलोम, भ्रामरी. वीस मिनिटात होते. पैसेवारी ७० च्या पुढं गेली की खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी दोन उशा टाकून उंच करून, मग एक, मग विना उशी, दोन्ही पायांवर सारखं वजन, टोंगळा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आत झुकू द्यायचा नाही. हे आठ वेळा नीट झालं तर समजा उत्कटासनाचं (खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं राहणं) निम्मं काम झालं.

वज्रासनाचा किस्सा

१८ व्या दिवशी पैसेवारी ८० होती (खरी, फुगवलेली नाही). जेवण झालं, वाटलं वज्रासनात (टोंगळे मुडपून टाचांवर) बसून पाहू, जेवणानंतर चालते म्हणतात, पाचच मिनिटं. बसताना काही नाही. उठताना परत तोच आवाज. सकाळी ४०.

कारण असं की दुखणं आधी जाते, ताकद नंतर येते. नवीन पेड आलेले असतात पण कच्चे, आणि त्यांना भार सोसायला आठवडे लागतात. वज्रासनात टोंगळा पूर्ण वाकते आणि वरून अंगाचं सगळं वजन. म्हणून वज्रासन, वीरासन, मलासन (उकिडवं बसणं) शेवटी, फिजिओ हो म्हटल्यावरच. पद्मासन आणि गरुडासन तर त्याहून शेवटी, कारण टोंगळा दाराच्या बिजागरीसारखा आहे, पुढं-मागं होते, गोल फिरत नाही, फिरते ते खुब्याचं हाड. खुबा आखडलेला असला की पद्मासनातला सगळा पीळ टोंगळ्यावर येते, चिखलात झाला होता तोच पीळ. वृक्षासनात तळवा टोंगळ्यावर कधीच टेकवू नका, वर मांडीला नाही तर खाली पोटरीला. सूर्यनमस्कार उड्या मारत घालायचे नाहीत.

ते ९ अडथळे सांगितले ना, त्यातला शेवटचा आहे अनवस्थितत्व, म्हणजे मिळालेल्या जागेवर न टिकणं. वाचलं होतं मी, पाठही होतं.

डोक्यात चालते त्याचं काय

दिवसा बरं असते, रात्री रील सुरू होते. धुरा, चिखल, वळणं, कट्. दोन पंप अजून कायले मारले. फवारणीला माणूस लावला त्याचा पंपावर हिशोब, सोयाबीन कापणीला हार्वेस्टर लावा लागला त्याचे वेगळे, आणि आपण खाटेवर. याला "स्वीकार करा" असं कोणी सांगितलं की डोकं जास्तच फिरते, निदान माझं फिरायचं. स्वीकार हा काही गोळीसारखा गिळता येत नाही.

मला जे जमलं ते सांगतो. रील सुरू झाली की दोन्ही हात दुखऱ्या मांडीवर ठेवायचे, उजेड नाही लावायचा, मोबाइल नाही घ्यायचा, आणि बाहेर जाणारे दहा श्वास मोजायचे. पाचव्यावर चुकलं की परत एकपासून. रील बंद नाही होत, पण तिचा आवाज कमी होते. आणि कॅलेंडरवर पैसेवारीच्या बाजूला दोन शब्द, आज काय जमलं आणि कोणी मदत केली. "टाच वीतभर सरकली. बाळूनं बैल बांधले." "मांडी हलली. सौ.नं पाणी तापवलं." एवढंच, भावना-बिवना लिहायच्या नाहीत. महिनाभरानं मागचं पान उलटलं तर दिसते की जमलेल्या गोष्टी बारीक बारीक आहेत पण रिकामी तारीख एकही नाही, आणि मदत करणाऱ्यांची नावं वाचून जरा शरमही वाटते, कारण त्यातल्या अर्ध्यांशी आपण त्या दिवशी खेकसून बोललो होतो.

रोज नवीन आकडा काढायचा म्हणजे कालचा आकडा सोडायचा, माझ्यापुरता स्वीकार तेवढाच. १०० होता तो टोंगळा सप्टेंबरात होता. आज ५५ आहे, तर ५५ चा योगा.

उभं राहणं आणि परत शेतात

माझा दीड महिन्याचा हिशोब वज्रासनामुळं अडीच महिन्यावर गेला. तोपर्यंत कपाशीची दुसरी वेचणी आली होती. उभं राहून ताडासन, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं (आधी ५ सेकंद, मग ३० पर्यंत), मग अर्धं उत्कटासन भिंतीला पाठ लावून, मग वृक्षासन, मग वीरभद्रासन पण छोटं, पाय फार फाकवून नाही. एकेक गोष्ट आठवड्याला. दोन नवीन आसनं एका दिवशी नका वाढवू, दुसऱ्या दिवशी पैसेवारी उतरली तर दोष कोणाचा तेच कळत नाही.

शेतात जायची माझी परीक्षा अशी होती, आधी अर्धा तास सडकेवर चालणं, मग धुऱ्यावरून, मग ओल्या रानात रिकाम्या हातानं, आणि प्रत्येकाची दुसऱ्या दिवशीची अंतिम पैसेवारी पाहूनच पुढचं. पंप पाठीवर घेतला तो सगळ्यात शेवटी, अर्धाच भरून. आणि वळताना आता पाय उचलून वळतो, पाय रुतलेला ठेवून अंग फिरवत नाही, एवढं चिखलानं शिकवलं.

जवळ आयुष्मान आरोग्य मंदिर (आधी आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणायचे) असेल तर विचारून पाहा, बऱ्याच ठिकाणी योगाचे वर्ग घेतात, फुकट असते, पण शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी दुखापत सांगा, लपवून मागच्या रांगेत उभे राहू नका.

माझी आजची पैसेवारी ९०. मांडी घालून बसतो, ढुंगणाखाली वाकळीची जाड घडी आणि दोन्ही टोंगळ्यांखाली एकेक उशी, प्रार्थनेची पहिली पाच मिनिटं. मग उठून खुर्चीवर. फक्त आता लवकर जावं लागते, कारण मी बसायला लागल्यापासून अजून तिघं खुर्चीवर बसायला लागले आणि मंडळाकडे खुर्च्या तीनच आहेत.